टाकी रिकामी झाली, मग?

वाचकांचे प्रश्न : टर्बो इंजिनात पाणी आणि मिथेनॉल

मागच्या अंकात इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या भागावर लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय सारखा पुढे येत राहिला : इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गात, पाणी आणि मिथेनॉल (एक अल्कोहोल) यांचं मिश्रण फवारायचं की नाही. सारखे प्रश्न मी एकत्र केलेत. तेवीस वर्षं इंजिनं उघडतेय, त्यातलं जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगते.

प्रश्न : टर्बो पेट्रोल गाडी आहे. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप (ठिणगी-इंधन-बूस्टचा तक्ता) बदलून, बूस्ट १ बारपर्यंत नेलाय. सकाळी झकास पळते, पण दुपारी दोन-तीनदा जोर लावला की मेल्यासारखी होते. मित्र म्हणतो, मिथेनॉल जळतं म्हणून ताकद वाढते, किट बसव. बसवू का?

तुमची गाडी मरत नाहीये, जीव वाचवतेय. टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका देतं, तसंच. १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या दुप्पट दाब. बाहेर ३० अंश असेल आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १२५ अंशांची असते. इंटरकूलर ती बरीच खाली आणतो, पण लागोपाठ जोर लावला की तो स्वतःच तापून बसतो. मग आत जाणारी हवा प्रत्येक खेपेला आधीपेक्षा गरम. सेन्सर हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला सांगतो. ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, बूस्ट उतरवतो.

हे सगळं नॉकिंग टाळण्यासाठी. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटलं, तर पिस्टनवर हातोडा बसतो. माझ्या टेबलावर अशा इंजिनातला एक पिस्टन ठेवलाय. वरची कड वाळूने घासल्यासारखी खरबरीत झालीय, आणि पहिल्या दोन रिंगांच्या मधली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बोटाच्या पेराएवढी तुटून गेलीय. त्याची गोष्ट पुढच्या उत्तरात सांगते.

पाण्याचं काम इथे सुरू होतं. शाळेत बाष्पनाचा अप्रकट उष्मा शिकलो होतो, तोच हा. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला साधारण १,१००, आणि पेट्रोलला जेमतेम ३५०. म्हणजे मिश्रण गार राखायला ट्यूनर जे जास्तीचं पेट्रोल ओततात, त्याच्या सहापट काम तितकंच पाणी करतं. कागदावर हिशेब मांडते : एक किलो हवेला साधारण ८० ग्रॅम पेट्रोल लागतं, त्याच्या १५ टक्के म्हणजे १२ ग्रॅम पाणी. ते सगळं वाफ झालं तर हवा तीसेक अंशांनी गार होते. प्रत्यक्षात पाइपात सगळी वाफ होत नाही. उरलेले थेंब सिलिंडरमध्ये, पिस्टन वर येत असताना वाफ होतात, आणि मला विचाराल तर खरी गरज तिथेच असते.

मग मिथेनॉल कशाला? सुई टोचण्याआधी कापसाने स्पिरिट लावतात तेव्हा कातडीला गारवा जाणवतो, कारण ते लगेच उडतं. मिथेनॉलही तसंच चटकन उडतं, म्हणून इंटरकूलरनंतरच्या कमी गरम हवेतही ते गारवा देतं. त्याचा ऑक्टेन जास्त आहे, म्हणजे ते दाबाखाली आपसूक सहज पेटत नाही. पाणी ज्योतीला थोडं मंद करतं, ती कसर मिथेनॉल भरून काढतं. आणि थंडीत टाकी गोठू देत नाही. ते जळतं हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण किलोमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी. ताकद मिथेनॉलच्या जळण्यातून फारशी येत नाही. हवा गार झाल्यामुळे ठिणगी लवकर टाकता येते आणि बूस्ट टिकवता येतो, ताकद येते ती तिथून. म्हणूनच मॅप न बदलता नुसतं किट बसवलेली गाडी बहुतेक वेळा होती तशीच पळते, क्वचित थोडी जडही होते.

तुमची तक्रार उष्णतेची आहे, तेव्हा किटचा उपयोग होईल. पण त्याआधी बूस्टचे पाइप दाबाखाली तपासून घ्या. एखादा क्लॅम्प सैल असेल तर तितकाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि हवा आणखी तापते. अशा कितीतरी गाड्या एका क्लॅम्पवर बऱ्या झालेल्या मी पाहिल्यात.

प्रश्न : रोजची गाडी आहे. चालवता चालवता पाणी-मिथेनॉलची टाकी संपली आणि मला कळलंच नाही, तर इंजिन जाईल का?

जाऊ शकतं. पत्रांमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि किट घेण्याआधी तो एकाच वाचकाने विचारला याची मला काळजी वाटते.

आता पिस्टनची गोष्ट. ती गाडी माझ्याकडे टो होऊन आली. मालक पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘टाकी अर्धी भरलेली होती, डॅशवरचा हिरवा दिवाही लागलेला होता.’ त्याचं बोलणं खरं होतं. मी पंप चालवून पाहिला, आवाज ठणठणीत. नोझल उघडून काचेच्या बरणीत धरलं. धुकं उडायला हवं होतं, तिथे टोकाशी एक थेंब फुगला आणि ओघळला. नोझलमागची बारीक जाळी पांढऱ्या क्षारांनी बंद झाली होती. हिरवा दिवा पंपाच्या वायरला जोडलेला होता. पंपाला वीज मिळतेय, एवढंच तो सांगत होता. द्रव इंजिनात पोचतोय की नाही हे त्या गाडीत कुणीच मोजत नव्हतं, आणि ईसीयूतला मॅप मात्र तो पोचतोय असं धरूनच लिहिलेला होता.

म्हणून माझा हट्ट असा. मोजायचं असेल तर नोझलच्या अलीकडे प्रवाह मोजा. टाकीतला फ्लोट फक्त टाकीचं सांगतो. दाबाचा स्विच पंपाचं सांगतो, नोझल तुंबलं तरी दाब राहतोच. प्रवाह नेहमीपेक्षा कमी झाला तर तुंबलंय, आणि अचानक वाढला तर पुढची नळी फुटलीय. दोन्हीकडून मर्यादा घाला. आणि ती ओलांडली की नुसता दिवा लावून भागणार नाही. जोरात असताना डॅशकडे कुणाचं लक्ष असतं? बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची (बूस्ट वाढवणाऱ्या विजेच्या झडपेची) वीजच त्या क्षणी तुटली पाहिजे, म्हणजे वेस्टगेट, टर्बोचा बूस्ट आवरणारी झडप, स्प्रिंगच्या मूळ दाबावर येतो. त्याच वेळी ईसीयू दुसऱ्या मॅपवर गेला पाहिजे. मी आधी नुसत्या पेट्रोलवर, भर उन्हात गाडी सुरक्षित चालेल असा मॅप करते, आणि त्याच्यावर पाण्याचा मॅप चढवते. उलट क्रमाने काम करणाऱ्याला गाडी देऊ नका.

ही अडचण आजची नाही. १९६२ मध्ये ओल्ड्समोबाइलने जेटफायर ही टर्बो गाडी आणली. साडेतीन लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८, कॉम्प्रेशन १०.२५ (सिलिंडरमध्ये मिश्रण इतक्या पट दाबलं जायचं), त्याला टर्बो. इतक्या कॉम्प्रेशनवर नॉकिंग आवरायला पाणी, मिथेनॉल आणि गंजरोधक यांचं मिश्रण होतं, नाव ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. टाकी संपली की बूस्ट आपोआप उतरवणारी झडपही त्यात होती. लोकांनी टाकी भरायचाच कंटाळा केला, आणि पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवले गेले. २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसमध्ये नुसतं पाणी होतं, मागे डिकीत ५ लिटरची टाकी, ताकद ५०० अश्वशक्ती. त्यातही पाणी संपलं की इंजिन स्वतःहून बूस्ट कमी करतं. कारखान्यातून निघालेल्या या दोन्ही गाड्यांत द्रव संपण्याची तरतूद आधीपासून आहे. तुमच्या किटमध्ये ती नसेल तर किट परत करा.

प्रश्न : निम्मं-निम्मं म्हणजे मापाने की वजनाने? नळाचं पाणी चालेल का?

नळाचं पाणी नको, वरची पांढरी जाळी आठवा. डिस्टिल्डच घ्या.

मिथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला सुमारे ७९० ग्रॅम. एक लिटर पाण्यात एक लिटर मिथेनॉल घातलंत तर वजनाने ते ४४ टक्केच होतं. दोन्ही पद्धती चालतात, पण ज्या मापाने ट्यूनिंग झालं तेच कायम ठेवा, आणि ते टाकीच्या झाकणावर लिहून ठेवा. मिसळताना डबा कोमट लागतो आणि दोन लिटरला थोडं कमी भरतं. घाबरू नका, ही दोन द्रव्यं एकत्र आली की तसंच होतं. निम्म्याच्या वर मिथेनॉल नेऊ नका. आगीचा धोका वाढतो, पंपाचे रबरी भाग आणि अ‍ॅल्युमिनियम खराब होतं, आणि गारव्यात मात्र घटच होते.

आता जे सांगतेय ते कृपया दोनदा वाचा. मिथेनॉल विष आहे. घोटभर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. कातडीतून आणि वाफेतूनही ते शरीरात जातं. सुरुवातीला फार काही वाटत नाही, खरा त्रास १२ ते २४ तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून शंका आली तरी थेट दवाखाना गाठा. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, आणि निम्मं पाणी घातलेलं मिश्रणही पेटतं. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत मिसळा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन नुसतं पाणी वापरा. थोडी ताकद कमी मिळेल, मिळू दे.

प्रश्न : नोझल नेमकं कुठे बसवायचं? टर्बोच्या आधी बसवलं तर जास्त गारवा मिळतो म्हणतात.

इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे, वीतभर अंतर ठेवून. तापमानाच्या सेन्सरवर फवारा थेट येऊ देऊ नका, नाहीतर ईसीयूला खोटं गार वाटेल. टर्बोच्या आधी बसवलं तर थेंब वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळून त्यांच्या कडा झिजवतात. रोजच्या गाडीत मी ते करत नाही.

एक गोष्ट पत्रांत कुणी विचारली नाही, पण विचारायला हवी होती. टाकी डिकीत, नोझलपेक्षा वर असेल, तर उतारावर किंवा इंजिन नुसतं सुरू असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, निर्वात द्रव ओढून घेतो. गाडी अडखळते. बंद गाडीत तो गळत राहिला आणि सिलिंडरमध्ये साचला, तर सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझललगत सोलेनॉइड झडप हवीच.

प्रश्न : डिझेलला चालतं का?

चालतं. एक्झॉस्टचं तापमान उतरतं, ओझं ओढणाऱ्या गाड्यांना त्याचा फायदा होतो, नायट्रोजन ऑक्साइडही घटतात. पण डिझेलमध्ये हवेबरोबर आलेलं मिथेनॉल जास्त झालं तर ते डिझेल फवारण्याआधीच पेटू शकतं आणि सिलिंडरमधला दाब बेसुमार चढतो. तेव्हा पाण्याचा वाटा मोठा ठेवा, फवारा बऱ्यापैकी बूस्ट आल्यावरच सुरू होऊ द्या, आणि पहिल्या हजार किलोमीटरांनंतर नोझल काढून बरणीत एकदा फवारून पाहा.