विचारा बिनधास्त: सुनेचं कोरियन सहा वर्षांचंच राहिलंय

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोथरूडची, सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आलेय. सून कोरियन, जन्म सोलचा पण सहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे आली, त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पोरगी गुणी आहे, बाळंतपणात मी अळिवाची खीर करायचे आणि विहीणबाई ते समुद्रातल्या शेवाळाचं सूप डबे भरभरून आणायच्या, तिनं दोन्ही निमूट संपवलं. गेल्या महिन्यात पॅलिसेड्स पार्कला कोरियन हॉटेलात गेलो होतो, तिथल्या वाढणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, हिच्याशी कोरियनमध्ये बोलायला लागल्या तर ही लाल होऊन इंग्लिशमध्ये उत्तरं देतेय, म्हणून मी आपलं सहज म्हटलं, अगं तुझीच भाषा ना, बोल की, आणि बाळालाही शिकव. झालं! तेव्हापासून अबोला नाही पण काहीतरी बिनसलंय. आता नातवाचा पहिला वाढदिवस आलाय, विहीणबाई जोरात तयारीला लागल्यात आणि ही म्हणते मला यातलं काही कळत नाही, आईलाच विचारा. तिला आपलं म्हणून काही नकोच आहे का? आणि आमचे दीर फोनवर म्हणाले की मुलगा कोरियन ठरला तर त्याला तिकडे मिलिटरीत जावं लागतं, ते खरं का?
— एक आजी

उत्तर: काकू, आधी त्या हॉटेलातलंच बोलू, गोम तिथेच आहे. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण असतं ना, कोरियनमध्ये ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, समोर कोण आहे त्यावर प्रत्येक क्रियापदाची शेपटी बदलते, कधीकधी अख्खा शब्दच बदलतो. घरात लेकराला 'बाप्' खाल्लं का विचारायचं (हसू नका, बाप् म्हणजे भात किंवा जेवण, आणि वडिलांना म्हणतात आप्पा), बाहेरच्या माणसाला विचारताना त्याच जेवणाचं 'शिक्सा' होतं आणि आजोबांना विचारताना 'जिन्जी'. घरगुती बोलीला ते बानमाल म्हणतात, आदराच्या बोलीला जोन्देनमाल.

तुमच्या सुनेचं कोरियन सहाव्या वर्षी विमानात बसलं आणि पुढे आईच्या स्वयंपाकघरातच राहिलं, कारण शाळा इंग्लिश, मैत्रिणी इंग्लिश, आईवडील दिवसभर दुकानात. म्हणजे तिच्याकडे बानमाल आहे, बाकीचं अर्धंमुर्धं. तुम्ही कल्पना करा, दिसायला अस्सल सदाशिव पेठेतली, नोकरी करणारी मोठी बाई आणि मराठी येतं फक्त 'ए आजी, भूक लागली, दे ना' एवढंच, ती तुळशीबागेतल्या दुकानात तोंड उघडेल का? गोऱ्या माणसानं दोन शब्द कोरियन बोलले की कौतुक होतं, हिनं एक शेपटी चुकवली की आईबापांनी काही शिकवलं नाही असं होतं. तो चेहरा घेऊन माफी मिळत नाही हो.

माझा भाचा मस्कतला वाढलाय. गणपतीला आला की आमच्या ऐंशीच्या काकांना 'ए, तू इथे बस' म्हणायचा आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो, मीसुद्धा. तेराव्या वर्षी त्याला ते हसणं कळलं आणि त्यानं मराठी बोलणंच बंद केलं. आम्ही म्हणायचो, शिष्ट झालाय.

तेव्हा नकोसं असणं आणि लाज वाटणं यात घोळ करू नका. अशा मुलांसाठी कोरियन लोकांकडे शब्दच आहे, दीड पिढी, म्हणजे आईवडील पहिली पिढी, अमेरिकेत जन्मलेली दुसरी आणि लहानपणी उचलून आणलेली ही मधली. कोरियात गेलं की नातेवाईक ग्योपो म्हणणार, परदेशातले आपले लोक, त्यात 'आपले' किती आणि 'परदेशातले' किती ते बोलणाऱ्याच्या सुरावर असतं. अमेरिकेत विचारणार, मूळची कुठली? आणि मग तुम्हीही, चांगल्या मनानं, तेच विचारलंत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तिला ज्या कोरियनची लाज वाटते ना, नेमकं तेच तुमच्या नातवाला हवंय! वर्षाच्या पोराशी जिन्जी वगैरे कोण बोलतं, त्याच्याशी बानमालच बोलतात, ये, खा, झोप, दुखलं का, आईकडे ये. हे सगळं तिच्याकडे शंभर टक्के अस्सल आहे. पण असं भाषण तिला देऊ नका प्लीज, त्यापेक्षा तुम्हीच विद्यार्थी व्हा. हांगुल लिपी सोपी आहे, 14 मूळ व्यंजनं आणि 10 मूळ स्वर, राजा सेजोंगनं 1446 मध्ये साध्या लोकांना वाचता यावं म्हणूनच ती जाहीर केली होती. बाराखडी लिहिणाऱ्या माणसाला आठवड्यात जमते. तुम्ही चुका करा, तिला सुधारू दे, आणि हॉटेलातलं बोलणं चुकलं असं एकदा साध्या शब्दांत सांगून टाका.

वाढदिवसाचं म्हणाल तर त्याला दोल म्हणतात. पूर्वी पोरं वर्षभर जगतील याचीच खात्री नसायची म्हणून त्याचं एवढं अप्रूप. त्यात दोलजाबी असते, बाळापुढे दोरा, तांदूळ, पैसे, पुस्तक, लिहायचा ब्रश असं मांडायचं आणि ते काय उचलतंय बघायचं, दोरा उचलला तर दीर्घायुष्य. आपल्याकडे उष्टावणाला बाळापुढे वही-पेन, सोनं मांडतात काही घरांत, तसंच. हल्ली लोक स्टेथोस्कोप आणि माइकसुद्धा ठेवतात म्हणे, म्हणजे आईबापांची हौस दोन्हीकडे सारखीच. विहीणबाईंकडे सुनेच्या स्वतःच्या दोलचा फोटो बहुतेक असेलच, सोलमधला, तो मागून घ्या आणि तिच्यासमोर बघा. मग ती काय सांगते ते नुसतं ऐका.

मिलिटरीचं: दीर अगदीच चुकीचं नाही बोलले. 1998 पासून कोरियन नागरिकत्व आईकडूनही मिळतं. बाळाच्या जन्मावेळी सून कोरियन नागरिक असेल, नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर मुलगा जन्मतःच दोन्हीकडचा होतो, आणि 18 वर्षांचा होतो त्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत कोरियन नागरिकत्व सोडलं नाही तर सक्तीच्या लष्करी सेवेचं लचांड मागे लागतं. पण तिनं आधीच अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर तिचं कोरियन नागरिकत्व तेव्हाच आपोआप गेलं, मग काळजी नाही. तुमच्या मुलाला सुनेचे कागद बघायला सांगा, शंका वाटली तर न्यूयॉर्कच्या कोरियन वकिलातीत विचारा, दिरांना नको.

प्रश्न: मी लातूरचा, समरकंदला एमबीबीएस करतोय. इथे बाजारात एक आजी गाजराची तिखट कोशिंबीर विकतात, चेहरा कोरियन, आडनाव किम. मी के-ड्रामातलं ऐकून कोरियनमध्ये नमस्कार केला तर हसल्या आणि रशियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. कोरियाला कधी गेल्याच नाहीत. मग त्या खऱ्या कोरियन कशा?

उत्तर: अरे बाबा, त्यांच्या घराण्याला बहुतेक स्टालिननं तिथे आणून टाकलंय. रशियाच्या पार पूर्व टोकाला कोरियन शेतकरी वसले होते, 1937 मध्ये जपानचे हेर असल्याचा संशय घेऊन सुमारे 1 लाख 70 हजार माणसं रेल्वेत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात पाठवली. ते स्वतःला कोऱ्यो-साराम म्हणतात. त्यांची बोलीही तुझ्या के-ड्रामातली सोलची नाही, कोरियाच्या ईशान्येकडच्या हामग्यॉन्ग भागातली जुनी, आणि तीही तरुण पोरांच्या तोंडून जवळजवळ गेलीच, रशियन उरली. ती कोशिंबीर म्हणजे मॉर्कोव्चा. किमचीचा, म्हणजे त्यांच्या तिखट आंबवलेल्या लोणच्याचा, कोबी तिकडे मिळेना म्हणून बायकांनी गाजर किसून त्यालाच मसाला लावला. कोरियातल्या माणसाला हा पदार्थ माहीतच नव्हता, आणि तिकडे सगळे त्याला कोरियन गाजर म्हणतात.

खऱ्या-खोट्याचं त्यांना विचारू नकोस, गाजर किसायचं कुठून शिकल्या ते विचार, रशियन येत असेल तेवढ्यात. आणि पाव किलो जास्त घे, मेसच्या जेवणाबरोबर बरं लागेल.