गेलेल्यांना परत घ्यायचं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात शमीमा बेगम प्रकरणाची माहिती दिली होती. ही मुलगी 2015 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, लंडनहून सीरियात इस्लामिक स्टेटकडे गेली. 2019 मध्ये ब्रिटनने तिचं नागरिकत्व काढून घेतलं आणि 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

ब्रिटनने केलं ते आपण का करू नये? देशाशी बेइमानी करून परक्या मुलखात बंदूक उचलली ना, मग काढा नागरिकत्व. पोसायचं कशाला? (निवृत्त शिक्षक, परभणी)

सर, संताप समजतो, पण आपला कायदा तसं करू देत नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 10 नुसार सरकार नागरिकत्व काढून घेऊ शकतं, पण ते मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांचं. जन्माने भारतीय असलेल्याला ते कलम लागत नाही. कलम 9 नुसार नागरिकत्व आपोआप जातं, पण त्यासाठी माणसाने स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं असावं लागतं. दहशतवादी संघटना म्हणजे देश नव्हे, त्यामुळे तिच्यात सामील झाल्याने हे कलम लागू होत नाही.

पासपोर्ट मात्र रद्द होऊ शकतो. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 10(3) मध्ये देशाच्या सुरक्षेचं कारण स्पष्ट दिलं आहे. इथे अनेकांचा गोंधळ होतो. पासपोर्ट हा प्रवासाचा कागद आहे. तो गेला म्हणून माणूस परका होत नाही. अशा माणसाला दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. त्यावर फक्त भारतात येता येतं, एकदाच. शिवाय नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1979 पासून आहे. त्यातलं कलम 12(4) सांगतं की कुणालाही मनमानीपणे स्वतःच्या देशात येण्यापासून रोखता येणार नाही.

ब्रिटनमध्ये काय झालं तेही बघा. आईवडिलांमुळे शमीमा बांगलादेशची नागरिक ठरते, असं ब्रिटनने म्हटलं. बांगलादेशाने कानावर हात ठेवले. ती सीरियातल्या छावणीत अडकली. तिने तिथे नेमकं काय केलं, याचा खटला मात्र कुठेच चालला नाही. आमचं मत स्पष्ट आहे: नागरिकत्व काढणं ही शिक्षा नाही, ती गुन्ह्याची चौकशी टाळण्याची सोय आहे. इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या ज्या बायकांना इस्लामिक स्टेटने गुलाम केलं, त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. जर्मनीने आपल्या एका परतलेल्या नागरिक महिलेवर म्युनिकमध्ये खटला चालवला. 2015 मध्ये इराकमधल्या फल्लुजात पाच वर्षांच्या यझिदी मुलीला भर उन्हात बांधून ठेवलं गेलं आणि ती तहानेने मेली, त्या प्रकरणाचा हा खटला. 2021 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, 2023 मध्ये ती चौदा वर्षांची केली. त्या मुलीची आई न्यायालयात साक्षीला उभी राहू शकली. आरोपीला परत येऊच दिलं नसतं, तर हे घडलं नसतं.

आपल्या भागातलं असं कुणी परत आणलं गेलंय का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, गेवराई)

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण आहे. मे 2006 मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने शस्त्रसाठा पकडला: 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47 आणि 3,200 काडतुसं. ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ म्हणतात ते हेच. त्यातला गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल निसटला, पाकिस्तानात लष्कर-ए-तैयबाकडे पोचला आणि पुढे 26/11 च्या हल्ल्यात कराचीच्या नियंत्रण कक्षातून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

तो सौदी अरेबियात सापडला तेव्हा त्याच्याकडे पाकिस्तानी पासपोर्ट होता आणि पाकिस्तान त्याच्यावर हक्क सांगत होता. त्या वेळी आपण ‘तो आमचा नाही’ असं म्हटलं असतं, तर तो पाकिस्तानात गेला असता आणि विषय कायमचा संपला असता. भारताने उलट केलं. बीडमधल्या कुटुंबाच्या डीएनए नमुन्यांवरून तो भारतीयच असल्याचं दाखवून दिलं आणि जून 2012 मध्ये त्याला आणलं. 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने शस्त्रसाठा प्रकरणात त्याला जन्मठेप दिली. आपला माणूस आपला म्हणून मागितला, म्हणूनच तो गजाआड गेला.

याच प्रकरणात कुठे घोंगडं भिजत पडलं, तेही सांगायला हवं. त्याला सौदीतून नेमकं कसं आणलं, त्या प्रवासाचे कागद आरोपीला द्यायचे की नाहीत, या वादावरून त्याचा 26/11 चा खटला 2018 पासून वर्षानुवर्षं अडून राहिला. माणूस आणण्याची पद्धत कागदावर चोख नसेल, तर सबळ खटलाही त्यातच रुतून बसतो.

माझा मुलगा आखातात कामाला गेला. तीन महिन्यांपासून फोन नाही. आता वेगळ्याच नंबरवरून पैसे मागणारे मेसेज येतात. शेजारी म्हणतात, गप्प बसा, नाहीतर पोलिस तुम्हालाच धरतील. काय करू? (एक आई, नांदेड जिल्हा)

ताई, सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: फोन बंद होणं म्हणजे मुलगा वाईट मार्गाला लागला असं नाही. कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने, पासपोर्ट ठेवून घेतलेला असतो, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, संपलेला असतो, अपघात झालेला असतो किंवा तो तिथल्या जेलमध्ये असतो. आणि नव्या नंबरवरून पैसे मागणारा बहुतेक वेळा भामटा असतो.

काहीही असो, पैसे पाठवू नका, अगदी पाचशे रुपयेही नाही. भामटा असेल तर पैसे गेले, आणि दुसरं काही असेल तर यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याचं कलम 17 आड येतं. दहशतवादी कृत्याला पैसा वापरला जाणार हे माहीत असताना तो दिला, तर किमान पाच वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. एकही मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ फोन जपून ठेवा. वहीत तारीख, वेळ आणि नंबर लिहा.

मग पोलिस ठाण्यात हरवल्याची नोंद करा. सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, एजंटचं नाव, तिकीट आणि शेवटचा फोन कधी आला ती तारीख द्या. नोंदीची प्रत मागून घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर जिल्हा पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका, ती थेट त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडे जाते. एजंट नोंदणीकृत होता का, ते ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतं. नोंद नसलेला एजंट असेल, तर त्याच्यावर वेगळी तक्रार द्या.

शेजारी घाबरतात, कारण असल्या प्रकरणात सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे लोकांनी पाहिलं आहे. पण आधी स्वतःहून केलेली नोंद हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे की घरच्यांचा यात हात नव्हता.

आता जी शंका तुम्ही पत्रात मांडली नाही, तिच्याबद्दल. समजा मुलगा खरंच तसल्या संघटनेत गेला आणि एका रात्री दारात उभा राहिला, तर त्याला लपवू नका. यूएपीएच्या कलम 19 नुसार दहशतवाद्याला आसरा देण्याला किमान तीन वर्षं ते जन्मठेप आहे. त्यात सूट आहे ती फक्त पतीला किंवा पत्नीला. आईला सूट नाही. जेवू घाला, वकील बोलवा आणि वकिलासोबत त्याला हजर करा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला आणि कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो परदेशातून फोन करत असेल, तर एवढंच सांगा: चोरवाटेने येऊ नको, दूतावासात जाऊन स्वतःचं नाव सांग.

नोकरीच्या आमिषाने रशियाच्या सैन्यात अडकलेल्यांनाही हेच लागू होतं का? (वाचक, जालना)

नाही. यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीत नाव असलेल्या संघटनांपुरता हा मामला आहे. त्या यादीत इस्लामिक स्टेट आणि लष्कर-ए-तैयबा आहेत, तसेच बब्बर खालसा, एलटीटीई, उल्फा आणि माओवादीही आहेत. यादीला धर्म नाही. रशियाचं सैन्य त्यात नाही. 2024 मध्ये आपल्या सरकारने हा विषय थेट मॉस्कोत मांडून अनेकांना सोडवून आणलं. ‘मदद’ पोर्टल त्यांच्यासाठीही आहे.

परत आलेल्यावर गुन्हा सिद्ध कसा करणार? घटना सीरियात, साक्षीदार तिथेच मेलेले. (कनिष्ठ वकील, लातूर)

अवघड आहे, अशक्य नाही. केरळचा एक तरुण 2015 मध्ये इस्तंबूलमार्गे इराकमधल्या मोसुलला गेला आणि काही महिन्यांत परतला. सप्टेंबर 2020 मध्ये कोचीच्या एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. कलमं होती यूएपीएचं 20 आणि जुन्या दंडसंहितेचं 125, म्हणजे मित्रदेशाविरुद्ध युद्ध पुकारणं (आता न्याय संहितेचं 153). त्याआधी 2018 मध्ये फ्रान्सचे तपास अधिकारी पॅरिस हल्ल्याच्या संदर्भात त्याची चौकशी करायला केरळात आले होते. जिवंत, कोठडीतला माणूस काय माहिती देऊ शकतो, ते यावरून दिसतं.

खटले फसतात ते ठरावीक जागी. अटकेची कारणं लेखी द्यायलाच हवीत. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये यूएपीएबाबतही हे बजावलं आणि तेवढ्यावरून अटक बेकायदा ठरली. परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा तपास मंजुरीशिवाय करता येतो, पण खटला चालवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 208 खाली केंद्राची मंजुरी लागते. यूएपीएच्या कलम 45 ची मंजुरी वेगळी. एकीवर दुसरी भागवता येत नाही. कट इथेच शिजला असेल, तर 208 चा मुद्दा बदलतो, म्हणून तिकीट कुठून काढलं, पैसे कुणी भरले, हे आधी शोधा.

सामील झाल्याची तारीख नक्की करा. यूएपीएच्या कलम 38 मध्ये पळवाट नव्हे, पण रास्त अपवाद आहे: सामील झाला तेव्हा संघटनेवर बंदी नव्हती आणि बंदीनंतर त्याने तिच्या कामात भाग घेतला नाही, हे आरोपीने दाखवलं तर ते कलम लागत नाही. इस्लामिक स्टेट अनुसूचीत आली 2015 मध्ये. 2014 मध्ये गेलेल्यांच्या बाबतीत म्हणूनच महिन्यांना महत्त्व आहे.

सर्वांत जास्त नुकसान फोनचं होतं. जप्तीनंतर ठाण्यात कुणीतरी ‘जरा बघू’ म्हणून फोन चालू करतो, फाइलींच्या वेळा बदलतात, दूरवरून मजकूर पुसलाही जातो. फोन पंचांसमक्ष सिग्नल न पोचणाऱ्या पिशवीत सील करावा, प्रयोगशाळेत आधी प्रतिमा-प्रत, म्हणजे फोनमधल्या सगळ्या मजकुराची हुबेहूब नक्कल, काढावी, हॅश मूल्य, म्हणजे मजकूर बदललेला नाही हे ओळखण्याचा आकडा, लिहून घ्यावं आणि मगच प्रतीवर काम करावं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाचा असतो आणि हॅश त्यात येतो. पोलिसांपुढच्या कबुलीवर विसंबू नका, ती पुराव्यात येत नाही.

दोषारोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि यूएपीएच्या कलम 43ड(5) मुळे जामीन कठीण असतो. पण खटला रखडला तर उच्च न्यायालय जामीन देतं. कल्याणहून 2014 मध्ये इराकला गेलेल्या चार तरुणांपैकी जो परतला, त्याचा जामीन मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कायम ठेवला. तोवर सहा वर्षं तुरुंगात गेली होती आणि खटला संपलेला नव्हता. परत येऊ देण्याबद्दल कुणी शंका घेतली, तर या दिरंगाईबद्दल घ्यावी. तिथे आमचाही राग आहे.

आईबापाने केलं त्याची फळं लेकरांनी का भोगायची? त्यांना आणायचं कसं? (अंगणवाडी सेविका, हिंगोली)

भोगूच नयेत. 2019 मध्ये सीरियातल्या अल-होल छावणीत 70 हजारांहून अधिक माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. कझाकस्तानसारख्या देशाने त्याच वर्षी आपले पाचशेहून अधिक लोक विमानाने परत नेले, त्यात मुलंच जास्त होती. आपल्याकडे इस्लामिक स्टेटकडे गेलेल्या केरळच्या चार महिला मुलांसह काबूलच्या तुरुंगात होत्या. त्यातल्या एकीचे वडील मुलीला आणि नातीला आणा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने केंद्राला आठ आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. तोवर काबूलची सत्ताच बदलली होती. वेळेत हालचाल झाली असती, तर निदान त्या लहानग्या इथे शाळेत असत्या, असं आम्हाला वाटतं.

परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असतील, तर नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 खाली जन्मापासून एका वर्षात दूतावासात नोंद करावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्राची परवानगी लागते, पण दार बंद होत नाही. युद्धभूमीत जन्मदाखला नसतो, म्हणून आजी-आजोबांचा डीएनए कामी येतो. त्यांनी आधीच लेखी तयारी दाखवून ठेवावी. मूल जिल्ह्यात आलं की त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, पोलिस ठाण्यात नाही. समिती आजी-आजोबांकडे ताबा देऊ शकते. शाळेत ही माहिती फक्त मुख्याध्यापकांना असावी. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये जन्मठिकाण लिहा, त्यापुढे शेरा लिहू नका.