वाचनालयात इंटरनेट कशासाठी?

प्रश्न : पंचवटीतील एका लहान वाचनालयाच्या कार्यकारिणीचा मी सदस्य आहे. देणगीच्या रकमेतून दोन संगणक, प्रिंटर आणि इंटरनेट जोडणी घ्यावी, असा तरुण सभासदांचा आग्रह आहे. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना पुस्तकांच्या वाट्याचा पैसा यावर का खर्च करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुस्तकांविषयीची आपली कळकळ मला मनापासून पटते, तरीही या बाबतीत माझे मत तरुण सभासदांच्या बाजूने आहे.

मोबाइल बातमी वाचण्यास पुरेसा आहे. अर्ज भरण्यास मात्र तो पुष्कळदा अपुरा पडतो. गेल्या जूनमध्ये मी एका वाचनकक्षात बसले असताना एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर भरत होत्या. ओटीपी पाहण्यासाठी त्या संदेशांकडे वळल्या की अर्जाचे पान पुन्हा कोरे होई, आणि फोटो ठरावीक केबीमध्ये बसवायचा म्हणजे काय करायचे, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. ग्रंथपालांनी खुर्ची सरकवून दिली, "बसा ताई, घाई नाही," म्हणाले आणि आपल्या संगणकावर त्यांच्याच हातून अर्ज पूर्ण करून घेतला. हेच काम दुकानात झाले असते, तर पैसे गेले असतेच. शिवाय पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहिला असता, जे मी अनेकदा पाहिले आहे.

आपल्या शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. ज्यांना ग्रंथ विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवणे हे वाचनालयांचे तेव्हापासूनचे काम. आज माहितीचा मोठा भाग पडद्यावर आला असेल, तर त्या पडद्यापर्यंत पोहोचवणे हेही त्यातच येते. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात वय, लिंग, धर्म, भाषा किंवा सामाजिक स्थान न पाहता सर्वांना समान सेवा द्यावी, असे म्हटले आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड घेण्याची आपल्या वाचनालयाची ऐपत नसेल, पण ते इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. तेव्हा ही जोडणी पुस्तकांचा वाटा खाईलच असे नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बसण्याची जागा. काहीही विकत न घेता, "काय काम आहे?" या प्रश्नाला तोंड न देता दोन तास पंख्याखाली बसता येईल अशी ठिकाणे शहरात किती उरली आहेत? स्पर्धा परीक्षेसाठी खेड्यातून येऊन एका खोलीत चौघे राहणारी मुले, दुपारी घरात एकटे पडणारे निवृत्त गृहस्थ, घरच्या गोंगाटात अभ्यास न होणाऱ्या मुली, या सर्वांना हक्काचे टेबल हवे असते. त्यामुळे संगणक आणले आणि पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांकडे दुर्लक्ष झाले, तर खर्च वाया जाईल.

संगणक कोपऱ्यात न दडवता ग्रंथपालांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा, मात्र अर्जातील मजकूर मागून कोणाला वाचता येणार नाही अशी मांडणी करा. प्रत्येकाने उठण्यापूर्वी आपले खाते बंद केले आहे ना, हे विचारण्याची सवय ग्रंथपालांना लावा. अर्ध्या तासाची पाळी पुरेशी आहे. परंतु एखाद्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर त्या व्यक्तीला काम संपेपर्यंत बसू द्यावे आणि शक्य असल्यास वाचनालय थोडे उशिरा बंद करावे.