पराभवही जमेस धरणारी कुस्ती

जपानमधील व्यावसायिक कुस्तीविषयी गेल्या अंकात या सदरात थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: तेथील मल्लाची व्यक्तिरेखा वर्षानुवर्षे कशी घडत जाते आणि एकच कथा दहा-पंधरा वर्षे कशी टिकून राहते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत मल्ल माइक हातात घेऊन स्वतःविषयी बोलतो, पडद्यामागचे प्रसंग दाखवले जातात आणि मग भांडण रिंगमध्ये येते. जपानी कुस्तीत हे फारसे दिसत नाही. निकाल तर तेथेही आधीच ठरलेला असतो. मग व्यक्तिरेखा उभी राहते तरी कशातून?

उत्तर: निकाल ठरलेला असतो हे खरेच आहे, आणि ते एकदा मान्य केले की या कलेकडे नीट पाहता येते. निकाल कोणीतरी ठरवत असेल, तर प्रत्येक निकाल हे त्या व्यक्तीचे विधान ठरते. कोणी कोणाला हरवले, किती मिनिटांत हरवले, कोणत्या डावावर हरवले, पाठ टेकली की पकडीत शरणागती पत्करावी लागली, या प्रत्येक तपशिलाला अर्थ असतो. जपानी प्रेक्षक तो अर्थ लावतो आणि पुढे कित्येक वर्षे लक्षात ठेवतो. तेथे मल्लाची व्यक्तिरेखा म्हणजे मुख्यतः त्याच्या जय-पराजयांचा इतिहास होय. पोशाख, संगीत आणि बोलणे हे त्या इतिहासावर चढवलेले वस्त्र असते.

कार्यक्रमांची रचनाही या स्मरणशक्तीला पूरक असते. तेथील संस्था दौरे आखून गावोगावी कार्यक्रम करतात. विजेतेपदाच्या मोठ्या लढतीपूर्वी तेच दोन प्रतिस्पर्धी कित्येक दिवस जोडीच्या किंवा तिघा-तिघांच्या लढतींत समोरासमोर येत राहतात; या पूर्वलढतींना जपानीत 'झेनशोसेन' म्हणतात. पाठ टेकते ती बहुधा एखाद्या दुय्यम साथीदाराची. मुख्य दोघांचा हिशेब त्यामुळे खुला राहतो, मात्र कोण कोणाच्या डावाला उत्तर शोधतो आहे हे लोकांना दिसत जाते. न्यू जपान या संस्थेची 'जी-वन क्लायमॅक्स' ही 1991 पासून चालत आलेली साखळी स्पर्धा हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. साखळीत विद्यमान विजेत्याला हरवणारा मल्ल पुढे त्याच्याकडे विजेतेपदाच्या लढतीची मागणी करू शकतो, आणि उन्हाळ्यातला एक विजय थंडीपर्यंत पुरणारी कथा होऊन बसतो.

याच संस्थेत नवशिक्या मल्लाला 'यंग लायन' म्हणतात. तो संस्थेच्या तालमीत राहतो, ज्येष्ठांची कामे करतो, काळी चड्डी आणि काळे बूट घालून उतरतो, मोजकेच डाव वापरतो आणि ज्येष्ठांकडून सतत हरतो. मग त्याला परदेशी पाठवले जाते आणि परततो तो नव्या रूपात. काझुचिका ओकादा हा अमेरिकेतून असाच जानेवारी 2012 मध्ये परतला आणि 12 फेब्रुवारीला ओसाका येथे त्याने हिरोशी तानाहाशीसारख्या सर्वमान्य विजेत्याला हरवले. लोक थक्क झाले, कारण काळ्या चड्डीतला मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर अजून ताजा होता. परंतु दरवर्षी 4 जानेवारीला टोक्यो डोममध्ये होणाऱ्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात मात्र ओकादाला तानाहाशी आवरेना. तो 2013 मध्ये तेथे हरला. 2015 मध्ये पुन्हा हरला आणि रडत रडत बाहेर पडला. अखेर 2016 मध्ये त्याने तेथे तानाहाशीला चीत केले. इतरत्र मिळवलेले विजय त्या एका जागेवरच्या पराभवाची भरपाई करू शकत नाहीत, हे कोणीही भाषण करून सांगितले नव्हते; ते सर्वांना आपोआप कळले होते.

प्रश्न: मिसावा आणि कावादा यांचे वैर जपानी कुस्तीतील सर्वश्रेष्ठ कथा मानले जाते. इतकी वर्षे चाललेल्या या वैरात नेमके घडले काय?

उत्तर: या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला मला मनापासून आवडेल, कारण माझ्या मते या माध्यमात याहून मोठे काम झालेले नाही.

मित्सुहारु मिसावा आणि तोशिआकी कावादा एकाच शाळेच्या कुस्तीसंघातले. मिसावा एक वर्षाने पुढे. दोघेही जायंट बाबा यांच्या ऑल जपान या संस्थेत आले. मिसावाला 1984 मध्ये 'टायगर मास्क' हा मुखवटा देण्यात आला. 1990 च्या वसंतात गेनिचिरो तेनर्यू आणि इतर काही मल्ल संस्था सोडून गेले, वरच्या फळीत पोकळी निर्माण झाली, आणि 14 मे 1990 रोजी एका जोडीच्या लढतीच्या मध्यात मिसावाने मुखवट्याची दोरी सोडायला सांगितली. ती सोडणारा साथीदार कावादाच होता. म्हणजे ज्याच्या हातांनी मिसावाचा खरा चेहरा लोकांसमोर आला, त्यालाच पुढे त्या चेहऱ्याच्या सावलीत उभे राहावे लागले. 8 जून रोजी बुदोकान सभागृहात मिसावाने जंबो त्सुरुता या संस्थेच्या आधारस्तंभाला हरवले. त्सुरुताने सप्टेंबरात परतफेड केली, हेही महत्त्वाचे आहे, कारण एका विजयाने कोणी मोठा होत नाही ही बाबांची धारणा त्यातून दिसते. 'ट्रिपल क्राउन' हे सर्वोच्च विजेतेपद मिसावाला ऑगस्ट 1992 मध्ये, स्टॅन हॅन्सनला हरवून मिळाले.

त्याच ऑक्टोबरात पहिला आव्हानवीर म्हणून कावादा समोर आला आणि हरला. 1993 मध्ये त्याने मिसावाची साथ सोडून आपला जुना प्रतिस्पर्धी अकिरा ताउए याच्याशी जोडी जमवली. त्या वर्षी तो पुन्हा हरला. 3 जून 1994 ची त्यांची लढत पस्तीस मिनिटांहून अधिक चालली आणि मिसावाने अगदी क्वचित वापरायचा, मानेवर आदळणारा डाव काढून ती जिंकली. कावादाला थांबवायला आता राखीव अस्त्र लागते, ही कबुली त्या पराभवातच होती. 9 जून 1995 रोजी जोडीच्या लढतीत कावादाने प्रथमच मिसावाची पाठ टेकवली, पण ती जोडीची लढत होती. एप्रिल 1997 मध्ये साखळी स्पर्धेच्या तिघांतील निर्णायक फेरीत त्याने एकेरीतही मिसावाला हरवले. परंतु मिसावा त्याआधीच केंता कोबाशीशी तीस मिनिटे झुंजून बरोबरीत सुटला होता. प्रत्येक विजयाला अशी एक उणीव चिकटलेली राहिली आणि प्रेक्षकांनी ती कधीही नजरेआड केली नाही. 1 मे 1998 रोजी ऑल जपानने प्रथमच स्वबळावर टोक्यो डोममध्ये कार्यक्रम केला, आणि तेथे कावादाने एकेरी लढतीत, कोणतीही सबब उरू न देता, मिसावाकडून ट्रिपल क्राउन घेतले. पहिल्या आव्हानानंतर साडेपाच वर्षांनी!

यानंतर प्रत्यक्ष आयुष्य कथेत शिरले. जानेवारी 1999 मध्ये कावादाने पुन्हा मिसावाला हरवले, पण त्याच लढतीत त्याचा हात मोडला आणि जिंकलेला विजेतेपदाचा पट्टा परत करावा लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस बाबांचे निधन झाले. 2000 मध्ये मिसावा संस्थेतील बहुतेक सर्व मल्लांना घेऊन बाहेर पडला व त्याने नोआ ही संस्था काढली. कावादा मागे राहिला. हा निर्णय कोणी कथेसाठी लिहिलेला नव्हता. तरीही मुखवट्याची दोरी सोडल्यापासून जो मल्ल कायम एक पाऊल मागे आणि एक पाऊल दूर उभा होता, त्याच्या साऱ्या वाटचालीशी तो इतका जुळला की तो कथेचाच भाग झाला. दोघे पुन्हा एकेरीत भिडले ते 18 जुलै 2005 रोजी, नोआच्या टोक्यो डोममधील कार्यक्रमात. मिसावा जिंकला.

प्रश्न: प्रेक्षकांना नकोसा झालेला मल्ल पुढे त्यांचा सर्वांत लाडका कसा होऊ शकतो? तेत्सुया नाइतोच्या बाबतीत तसे झाले असे वाचले.

उत्तर: झाले, आणि ते नकार झाकून ठेवल्याने नव्हे, तो कथेच्या केंद्रस्थानी ठेवल्याने झाले. नाइतोने ऑगस्ट 2013 मध्ये अंतिम फेरीत तानाहाशीला हरवून जी-वन जिंकली. रिवाजाप्रमाणे 4 जानेवारी 2014 रोजी टोक्यो डोममध्ये ओकादाविरुद्धची त्याची लढत सर्वांत शेवटची ठरायला हवी होती. परंतु घडवून आणलेला हा नायक लोकांना पटत नव्हता. संस्थेने शेवटची लढत कोणती असावी यासाठी प्रेक्षकांचे मत घेतले आणि लोकांनी तानाहाशी व शिन्सुके नाकामुरा यांच्या 'इंटरकॉन्टिनेंटल' या दुय्यम विजेतेपदाच्या लढतीला कौल दिला. सर्वोच्च विजेतेपदाची लढत आधी उरकली गेली. तरुण मल्लाचा याहून जाहीर अपमान क्वचितच झाला असेल.

2015 मध्ये तो मेक्सिकोला गेला, तेथील 'लॉस इन्गोबर्नाब्लेस' या बेगुमान गटात मिसळला आणि परतला तो माणूसच वेगळा होता. सूट घालून, कोणतीही घाई न करता रिंगकडे येणारा, लोक काय म्हणतात याची पर्वा नसल्याचे दाखवणारा. त्याने जपानात त्या गटाची शाखा काढली. आवडावे म्हणून धडपडणे त्याने सोडले आणि लोक त्याच्याकडे खेचले गेले. एप्रिल 2016 मध्ये ओकादाला हरवून त्याने सर्वोच्च पट्टा जिंकला आणि तो हवेत भिरकावून दिला. त्याच सप्टेंबरात त्याच्याकडे इंटरकॉन्टिनेंटल पट्टा आला, तोच, ज्याच्या लढतीने 2014 मध्ये त्याची जागा घेतली होती. हा पट्टा तो लोखंडी पायऱ्यांवर आदळत असे. नवख्या प्रेक्षकाला हा निव्वळ उद्धटपणा वाटेल. जुन्या प्रेक्षकाला तेथे भळभळती जखम दिसत होती, आणि एकाच कृतीला असे दोन थर देणे हे मला दीर्घ कथनाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

पुढचा प्रवास सरळ नव्हता. 4 जानेवारी 2018 ला टोक्यो डोमची शेवटची लढत मिळाली, पण तो हरला. 5 जानेवारी 2020 ला ओकादाला हरवून त्याने दोन्ही पट्टे एकत्र मिळवले; मात्र गटातील प्रत्येकाचे नाव पुकारून शेवटी प्रेक्षकांसह घोष करण्याची त्याची प्रथा पूर्ण होण्याआधीच केंटा या दुसऱ्या मल्लाने त्याच्यावर हल्ला केला. तो राहिलेला घोष टोक्यो डोममध्ये घुमला 4 जानेवारी 2024 ला, तेव्हाचा विजेता सानादा याला हरवल्यानंतर. त्या मतदानाने त्याची लढत मागे सारली गेली, त्या रात्रीला बरोबर दहा वर्षे झाली होती.

प्रश्न: मल्लांच्या शरीरांना या दीर्घ कथांची किंमत मोजावी लागत नाही का?

उत्तर: लागते, आणि या कुस्तीवर प्रेम करणाऱ्यांनी ते आधी बोलले पाहिजे. प्रेक्षक सारे लक्षात ठेवत असतील, तर काल ज्या डावाने लढत संपली तो आज पुरत नाही. प्रतिस्पर्धी त्यातून उठला की मोठा डाव हवा, मग त्याहून मोठा. 1990 च्या दशकात ऑल जपानमध्ये मान आणि डोके यांवर आदळणारे डाव याच तर्काने वाढत गेले. मिसावा 13 जून 2009 रोजी हिरोशिमा येथे लढतीदरम्यान कोसळला आणि त्याच रात्री वारला; तो 46 वर्षांचा होता. 9 एप्रिल 2017 रोजी ओकादाविरुद्धच्या लढतीत कात्सुयोरी शिबाताने आपले डोके थेट प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर आपटले. त्यानंतर मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

हे कथनाच्या गुणवत्तेने समर्थनीय ठरते असे मी म्हणणार नाही. शिवाय ते अपरिहार्यही नाही. ओकादा आणि तानाहाशी यांच्या मालिकेतील मोठा भाग गुडघा आणि हात यांना लक्ष्य करण्यावर, एखादा डाव योग्य क्षणी चुकवण्यावर उभा होता. तेथील तणाव मानेवर आदळण्यातून आलेला नव्हता. लेखक समर्थ असेल तर आठवण वाढवता येते आणि इजा वाढवावी लागत नाही.

प्रश्न: नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात कोणत्या लढतीपासून करावी?

उत्तर: बहुतेक याद्या 3 जून 1994 च्या मिसावा-कावादा लढतीकडे बोट दाखवतात. माझा सल्ला वेगळा आहे. ती लगेच पाहू नये. आधी मे 1990 मधील मुखवटा उतरण्याचा प्रसंग पाहावा, मग त्यानंतरच्या जूनमधील त्सुरुताविरुद्धची लढत, मग ऑक्टोबर 1992 मधील कावादाचे पहिले आव्हान, आणि या तिन्हींमध्ये मिसावापेक्षा कावादाच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे, तो रिंगच्या बाहेर उभा असतानाही. मग 1994 ची लढत लावावी. 2005 ची लढत सर्वांत शेवटी पाहावी आणि ती सुरू करण्यापूर्वी मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत.