डेव्हलपर की डीबीए? आधी एक बॅकअप परत आणून दाखव

तुझं पत्र मिळालं. पदवीचं शेवटचं वर्ष, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचा एक कोर्स पूर्ण, जॉइन आणि ग्रुप बाय हातात बसलेलं, आणि आता डेव्हलपर व्हावं की डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा ॲडमिनिस्ट्रेटर, या पेचात तू अडकली आहेस. त्यात कुणीतरी सांगितलं की क्लाउड आल्यापासून डीबीएचं काम संपलं, म्हणून एका महागड्या सर्टिफिकेटचे पैसे भरू का, असं विचारतेस. पैसे तूर्त खिशातच राहू देत.

सांगणारा अर्धा बरोबर आहे. सर्व्हर उभा करणं, पॅच लावणं, ठरल्या वेळी बॅकअप घेणं ही बरीचशी कामं आता क्लाउड कंपनी करते. पण रक्कम फ्लोट या अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात साठवल्यामुळे बेरजा जुळत नाहीत, काल दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट आज दहा मिनिटं घेतोय, कुणीतरी अर्धं टेबल चुकून पुसलंय... हे निस्तरायला माणूसच लागतो. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं ते 1970 साली. त्यानंतर प्रॉडक्ट्स किती आली नि गेली, टेबल, ‘की’ (ओळीची ओळख पटवणारा कॉलम) आणि कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) यांचा विचार मात्र टिकून आहे. तो पक्का कर, प्रॉडक्ट नंतर शिकता येतं.

लॅपटॉपवर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस टाक, फुकट आहे. जनरेट सिरीज हे फंक्शन वापरून दहा लाख ओळींचं टेबल बनव आणि क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन ॲनालाइज लिहून प्लॅन, म्हणजे डेटाबेस उत्तर कसं शोधतो ते, वाचायला लाग. आधी सगळं टेबल चाळलेलं दिसेल, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधायची सोय) लावलास की प्लॅन बदलेल. आता व्हेअरमध्ये त्याच कॉलमवर फंक्शन लावून वर्ष काढून बघ. साधा इंडेक्स तिथे बाजूला पडतो. तीच अट ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ अशी लिहिलीस की पुन्हा कामाला येतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. एक मात्र जपून: एक्स्प्लेन ॲनालाइज क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटच्या आधी लावलंस तर प्लॅनही दिसेल आणि ओळीही जातील!

नल, म्हणजे माहीत नसलेली किंमत, या विषयावर एक अख्खा दिवस घाल. ‘एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक’ नॉट इन वापरून शोधलेस आणि आतल्या यादीत एक जरी नल असला, तर उत्तर रिकामं येतं, एरर न देता. नॉट एक्झिस्ट्स वापर. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारत असे, आणि अनुभवी लोकही तिथे अडखळत.

मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी व्हेअरची अट न लिहिता अपडेट चालवलंय. ओळींचा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा पोटात खड्डा पडला. तेव्हापासून सवय लागली: तीच अट घालून आधी सिलेक्ट, मग बिगिन लिहून ट्रान्झॅक्शन सुरू, मग अपडेट, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ऑटोकमिट (बदल आपोआप पक्का होणं) मुळातच चालू असतं, आणि टेबलाची रचना बदलणारी कमांड आधीचं ट्रान्झॅक्शनसुद्धा कमिट करून टाकते, हेही ध्यानात ठेव.

आता बॅकअप. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी उडवली. सुमारे 300 जीबी डेटा गेला. रोजचे बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी, कारण पोस्टग्रेसक्यूएल 9.6 च्या डेटाबेसवर 9.2 चं डम्प टूल (डेटाची प्रत फाइलमध्ये काढणारं) चालत होतं आणि रोज फेल होत होतं. त्याचे इशारे देणारे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं ते जवळपास सहा तासांपूर्वी टेस्टिंगसाठी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. कंपनीने ही हकीकत स्वतःच मोकळेपणाने प्रसिद्ध केली, ती मुळातून वाच.

मग स्वतः कर: डम्प घे, डेटाबेस ड्रॉप कर, परत आण, ओळी मोजून ताळा घे आणि किती वेळ लागला ते लिहून ठेव. रेझ्युमेवर ‘बॅकअपचं ज्ञान’ असं सगळेच लिहितात. ‘दहा लाख ओळी इतक्या मिनिटांत रिस्टोअर केल्या, पहिल्यांदा अमुक कारणाने फसलं’ असं सांगणारी मुलगी मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहते.

राहिला तुझा मूळ प्रश्न. नवख्या माणसाच्या हाती प्रॉडक्शनच्या किल्ल्या सहसा कुणी देत नाही, म्हणून सुरुवात डेव्हलपर म्हणून कर. काम करताना लॉक कुणी धरलाय, क्वेरी का रेंगाळतेय, हे शोधण्यात तुला रस वाटला आणि रात्री दोनला फोन वाजला तरी डोकं शांत राहिलं, तर डीबीएकडे वळ. नुसत्या पगाराकडे बघून वळू नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगते. सर्टिफिकेट नोकरी लागल्यावर, तिथे जो डेटाबेस वापरत असतील त्याचं. कित्येकदा खर्च कंपनीच उचलते.

दोन महिन्यांनी पुन्हा लिही. रिस्टोअर पहिल्या खेपेला कुठे अडलं तेवढं नक्की कळव.