टॅब कोरा, तरी संपर्क चालूच

प्रश्न : फायरफॉक्स उघडून कोरा टॅब ठेवला, तरी राउटरच्या नोंदीत चार-पाच अनोळखी पत्ते दिसतात. कोणी पाळत ठेवतंय का?

उत्तर : नाही, पण शंका रास्त आहे. 'डिटेक्टपोर्टल'ने सुरू होणारा पत्ता बहुधा त्यात असेलच. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान आडवं येतंय का, हे ब्राउझर त्यावरून तपासतो. ही विनंती साध्या एचटीटीपीने, म्हणजे कूटबद्ध न करता जाते. मजकूर किरकोळ असतो, पण तुमचा आयपी पत्ता आणि वेळ समोरच्याला कळतेच. बंद करायचं तर पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग टाइप करून ब्राउझरच्या आतल्या सेटिंग उघडा, त्यात 'कॅप्टिव्ह-पोर्टल' शोधा आणि शेवटी 'एनेबल्ड' असलेली सेटिंग 'फॉल्स' करा. मग लॉगिनची सूचना येणार नाही. एखादी एचटीटीपी साइट हाताने उघडावी लागेल.

आम्हाला जास्त खटकते ती आगाऊ जोडणी. नव्या टॅबवरच्या एखाद्या साइटच्या चित्रावर माउस नुसता नेला, क्लिक केलं नाही, तरी त्या साइटशी जोडणी उघडते. तिथेच, अबाउट:कॉन्फिगमध्ये, 'स्पेक्युलेटिव्ह-पॅरलल-लिमिट' 0 करा. पानं किंचित उशिरा उघडतील, इतकंच. टेलिमेट्री, म्हणजे ब्राउझरच्या वापराची माहिती त्याच्या निर्मात्यांना पाठवणं, प्रायव्हसीच्या सेटिंगमधूनच बंद होते.

सेफ ब्राउझिंगला मात्र हात लावू नका. धोकादायक साइटची यादी तुमच्याकडे उतरते आणि तपासणी तिथेच होते. जुळणी झाली तरच पत्त्याच्या हॅशचा (पत्त्यावरून गणिताने काढलेल्या सांकेतिक आकड्याचा) तुकडा बाहेर जातो, पूर्ण पत्ता नाही.