वाफेच्या इंजिनाची मालगाडी डोंगरात टिपायची तर लेन्स कोणती?

प्रश्न असा आहे: चीनच्या जितोंग मार्गावरच्या जुन्या फोटोंत बर्फातल्या मालगाड्यांवर एवढी पांढरीशुभ्र वाफ कशी, आणि तशी टिपायला लेन्स कोणती?

लेन्सचं नंतर. ती वाफ थंडीची करामत आहे. उणे वीसच्या हवेत बाष्प मावतच नाही, त्यामुळे धुराड्यातून निघालेल्या वाफेचे लगेच थेंब होतात आणि लवकर विरत नाहीत. उन्हाळ्यात तेच इंजिन तेवढंच राबलं तरी धुराड्यावर जेमतेम थोडं पांढरं दिसतं. काळा धूर ही वेगळी भानगड, तो नुकत्याच टाकलेल्या, अर्धवट जळणाऱ्या कोळशाचा.

इनर मंगोलियातला 945 किलोमीटरचा हा मार्ग 1995 चा, म्हणजे चांगलाच उशिराचा. जिंगपेंग खिंडीत दोन-दोन क्यूजे (चीनची मालवाहू वाफेची) इंजिनं एका मालगाडीला जुंपलेली असत. प्रत्येक इंजिनाला दहा चालकचाकं, दीड-दीड मीटर व्यासाची. तिथे लोक माथ्याच्या बोगद्यापलीकडे उभे राहून निराश व्हायचे, कारण उतार लागला की ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, मिटतो आणि वाफ संपते. चढावर उभं राहा, माथ्याच्या अलीकडे. आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला. वारा गाडीकडून तुमच्याकडे असला तर दुसरं इंजिन वाफेतच बुडतं. मागून गाडीच्याच वेगाने वारा आला तर वाफ सरळ वर उठते, त्यासारखं सुख नाही.

आता ‘सूर्य पाठीशी ठेवा’. हा नियम मला इतक्या जणांनी ऐकवलाय की इथे बोलून घेतो. पाठीशी सूर्य ठेवून इंजिनाचा नंबर वाचता येतो, बस्स. समोरून किंवा तिरका प्रकाश असला तरच वाफ आतून उजळते, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर (कनेक्टिंग रॉड) चमक धावते. याच खिंडीतल्या सिमिंगयीच्या वळणदार पुलावर तर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 23 अंशांवर असतो, दिवसभर तिरका प्रकाश फुकट.

एक्स्पोजर ऑटोवर नको. काळं इंजिन फ्रेममध्ये शिरलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि नेमकी वाफ जळते. गाडी यायच्या आधी उन्हातल्या बर्फावर मीटर लावून उजेड मोजा, दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), मॅन्युअलवर गोठवा. सूर्य समोर असेल तर त्यातून एक स्टॉप कमी, कारण आरपार उजळलेली वाफ बर्फालाही मागे टाकते. इंजिन काळं पडेल, पडू द्या. चढावर गाडी हळू असते, 1/500 सेकंदाचा शटर पुरतो.

बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात. हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, नाहीतर काचेवर आतून दव धरतं. फिल्म असेल तर मोटरने भराभर गुंडाळू नका, कोरड्या थंडीत स्थिर विजेचे ओरखडे उमटतात.

लेन्स: पूल आणि डोंगर हवा असेल तर 35 ते 50 मिमी, वळणावरची दोन्ही इंजिनं एकत्र दाटायची तर 200. मधलं 85 सगळ्यात कमी चुकतं.

हे सांगायचं राहिलंच: जिंगपेंगची वाफ 2005 च्या डिसेंबरात संपली. आणि आपल्या बोरघाटाची आस धरून असाल तर तिथे 1930 च्या सुमारासच वीज आली. तेव्हा आधी गाडी शोधा, लेन्स मग घ्या.